जाळी काढली का?

माझा राग माझ्या रक्तदाबापेक्षा जुना आहे, असं आमचे हे म्हणतात. खरंच आहे ते. तीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, मागच्या वर्षी निवृत्त झाले, आणि आता सिडकोतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दहावीच्या बारा पोरापोरींना पुन्हा तेच शिकवते. तीस वर्षांत शहराचं नाव बदललं, पुस्तकं बदलली, काळा फळा जाऊन पांढरा बोर्ड आला. एक वाक्य मात्र तसूभर बदललं नाही. ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आर यू गोइंग.’

हे वाक्य मी किती वह्यांत खोडलं असेल, त्याला गणती नाही. अरे बाबांनो, विचारलेला प्रश्न सांगताना दॅट लावत नाहीत. प्रश्नात व्हेअर असेल तर व्हेअरनंच जोडा, नुसतं ‘का’ असेल तर इफ घ्या. आर यू उलटं आहे ते सुलटं करा. मग यू चा आय, आणि आर चा वॉज. चार पायऱ्या, फक्त चार! पण आपल्या पोरांच्या गळी ते उतरत नाही, कारण मराठीत असला उपद्व्याप कोणी करतच नाही. ‘तू कुठं चाललास, असं त्यानं मला विचारलं.’ झालं. समोरच्याच्या तोंडातला प्रश्न न सोलता, न चिरता अख्खा उचलायचा आणि पुढच्याच्या पानात वाढायचा. इंग्रजीत तो सोलावा लागतो, एवढंच मी तीस वर्षं ओरडून सांगतेय.

त्या रविवारी नळाला पाणी आलं होतं. आमच्याकडं आठवड्यातून एकदा पाणी येतं, आणि येतं तेव्हा गल्लीत कोणाला इंग्रजीशी देणंघेणं राहत नाही. मागं मोटार घरघरत होती, हे टाकी बघायला जिन्यावरून वरखाली करत होते, आणि पहिल्या ओळीतल्या मुलीनं मला अत्यंत आत्मविश्वासानं दॅट व्हेअर आर यू वाचून दाखवलं. मी डस्टर टेबलावर आपटलं.

‘नोट्स काढा. नियम तिसरा. मोठ्यानं वाचा.’

बारा तोंडांनी नियम तिसरा वाचला. ‘दीपमाला मॅडमच्या नोट्स’ म्हणजे माझे पंधरा नियम, दोन पानं. शाळेत होते तेव्हा एका सुट्टीत बसून तयार केले आणि तेव्हापासून त्यांच्या झेरॉक्स काढल्या जातात. दुसऱ्या क्लासची मुलंसुद्धा त्या घेऊन फिरतात, हे मला माहीत आहे आणि मला त्याचा अभिमान होता. होता, असंच म्हणते.

तेवढ्यात दाराबाहेर पायरीवर कोणीतरी बसलेलं दिसलं. पस्तीस-सदतिशीचा माणूस, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. मी ‘काय पाहिजे’ म्हणून विचारलं तर उठून उभा राहिला आणि म्हणाला, ‘चालू द्या मॅडम, संपल्यावर येतो.’ क्लास संपेपर्यंत तो पाऊण तास तसाच उन्हात बसून राहिला. पोरं गेल्यावर चपला बाहेर काढून आत आला.

‘मॅडम, वळखलं का? मजीद.’

‘ओळखलं. इंग्रजीत तीनदा बसलास तोच ना?’

चांगलं बोलायचं मनात असतं, पण जीभ आधी सुटते, त्याला मी काय करू. तो मात्र हसला. ‘दोनदा बसलो मॅडम, तिसऱ्यांदा पास झालो.’ मग पिशवीतून एक कागद काढून त्यानं माझ्यापुढं ठेवला. एका ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली होती.

‘एकच विचारायचं हाय. ह्यातला हा इंग्रजी ‘ही’ कोण?’

मी चष्मा लावला आणि वाचलं. ‘द सुपरवायझर आस्क्ड मजीद इफ ही हॅड रिमूव्ह्ड द गार्ड. मजीद रिप्लाइड दॅट ही हॅड.’

खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंद झाला. इफ बरोबर, उलटापालट नाही, काळ एक पायरी मागं, सर्वनाम चोख. रोज सकाळी दॅट व्हेअर आर यू ऐकून विटलेल्या बाईला असलं वाक्य दिसलं की बरं वाटतं. मी म्हणून गेले, ‘वा! कोणी लिहिलंय?’

मजीद माझ्या तोंडाकडं बघत राहिला. त्यानं परत विचारलं, ‘हा ‘ही’ कोण, मॅडम?’

‘तू. दुसरं कोण? सुपरवायझरनं तुला विचारलं, तू गार्ड काढलं होतंस का. तू म्हणालास, हो, मी काढलं होतं.’

‘मंग गेलो मी,’ तो म्हणाला आणि खुर्ची असून खाली बसला.

हे आतून पाण्याचा तांब्या घेऊन आले. दोन घोट झाल्यावर मजीदनं सगळं सांगितलं. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तो अकरा वर्षं मशीनवर आहे. मशीनच्या पट्ट्यावर एक लोखंडी जाळी असते, कोणाचा हात आत जाऊ नये म्हणून. कागदोपत्री तिला गार्ड म्हणतात, बाकी सगळे जाळीच म्हणतात. पंधरा दिवसांपूर्वी ती जाळी लई खडखडत होती, तर विश्वजीत नावाच्या सुपरवायझरनं सकाळच्या पाळीत फकिरा फिटरला सांगून ती काढायला लावली. मजीद दुपारच्या पाळीला आला, तेव्हा जाळी भिंतीला टेकवून ठेवलेली होती.

‘विश्वजीत सर लांबूनच वरडले, जाळी काढली का? म्या म्हणलं, व्हय, काढली. म्हणजी निघाली हाय, दिसतीय ना. ते म्हणले, चालू दे. आन् गेले. तासाभरानं साहेबरावचा हात गेला पट्ट्यात. दोन बोटं.’

साहेबराव त्याच्या शेजारच्या मशीनवरचा. दोघं एकाच डब्यातून जेवायचे. ‘त्याची बायको आता माझ्याकडं बघत सुदिक नाय, मॅडम. तिला सांगितलंय, मजीदनं जाळी काढली व्हती आन् मजीदनं कबूल केलंय.’

परवा, म्हणजे मंगळवारी, चौकशी होती, आणि तोवर त्याला घरी बसवलं होतं. बाहेरून एक वकील साहेब येणार होते. हा इंग्रजी कागद म्हणजे त्या दिवसाचा अहवाल, आणि ‘हे बरोबर आहे’ म्हणून चौकशीत त्यावर सही कर, असं त्याला सांगितलं होतं. सही झाली की नोकरी गेली, आणि नोकरीपेक्षा मोठं ते दुसरं. साहेबरावची बोटं कायमची त्याच्या नावावर.

माझं डोकं तापलं. आधी त्याच्यावरच तापलं. ‘अरे शहाण्या, तू तेव्हाच का नाही म्हणालास, मी नाही काढली म्हणून?’

‘कोण विचारत व्हतं मॅडम, कोणी काढली ते?’

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. ‘जाळी काढली का?’ मराठीत त्या प्रश्नात माणूसच नाही. जाळी आहे, काढणं आहे, काढणारा नाही. इंग्रजीत मात्र सरळ वाक्यात काढणाऱ्यावाचून पाऊल टाकता येत नाही, म्हणून कोणीतरी तिथं एक ‘ही’ आणून उभा केला होता, आणि तो ‘ही’ माझ्यासमोर जमिनीवर बसला होता.

‘हे भाषांतर कोणी केलं?’ मी विचारलं. ‘कोणत्या गाढवानं?’

‘हापिसात राजनंदिनी मॅडम हायत. विश्वजीत सरांनी मराठीत लिवून दिलं, त्यांनी इंग्रजी केलं. म्हणल्या, पुण्याच्या हापिसला इंग्रजीतच लागतं.’

आता तापलेलं डोकं जरा सुन्न झालं. राजनंदिनी माझी विद्यार्थिनी. नुसती विद्यार्थिनी नाही, शंभरात शहाण्णव घेतलेली. तिचा फोटो माझ्या पुढच्या खोलीत भिंतीवर आहे, मजीद त्याच्याच खाली बसला होता. मी त्याला सांगितलं, ‘घरी जा. सही करू नकोस. मी बघते.’

राजनंदिनी मुकुंदवाडीत राहते. दुपारी रिक्षा करून गेले. पोरगी वाकून पाया पडली, आणि आईला हाक मारून चहा टाकायला लावला. मी कागद पुढं केला.

‘हा ‘ही’ कुठून आणलास?’

‘मॅडम, वाक्य चुकलंय का?’

‘वाक्य बरोबर आहे. माणूस चुकलाय. मूळ मराठीत काय होतं?’

तिनं पाठ असल्यासारखं सांगितलं. ‘मी मजीदला विचारलं, जाळी काढली का? तो म्हणाला, हो, काढली.’

‘मग यात ‘मजीदनं काढली’ कुठं आहे?’

ती उठली, कपाटातून एक फाईल आणली आणि त्यातून दोन पानं काढली. पिवळी पडलेली, कडेला चिकटपट्टी लावलेली. नऊ वर्षांपूर्वीची झेरॉक्स. अक्षर माझं.

‘नियम सातवा, मॅडम,’ ती हळूच म्हणाली.

मी वाचलं. मला वाचायची गरज नव्हती. ‘मराठी प्रश्नात कर्ता दिसत नसेल, तर ज्याला प्रश्न विचारला त्यालाच डोळे मिटून कर्ता धरावे.’ डोळे मिटून या शब्दांखाली दोन रेघा. माझ्याच.

‘हे मार्कांसाठी होतं,’ मी म्हणाले. आवाज माझ्याच कानाला चोरट्यासारखा लागला. ‘दोन मार्कांच्या प्रश्नासाठी. माणसांच्या बोटांसाठी नव्हतं.’

‘मग मला कसं कळणार मॅडम, कुठला नियम मार्कांसाठी आणि कुठला खरा?’

ती उद्धटपणे बोलली असती तर बरं झालं असतं. मी तिला झापलं असतं. ती खरोखर विचारत होती. तेवढ्यात चहा आला, आणि मी जे बोलायला नको तेच बोलले. ‘नियमाच्या वर डोकं नावाची एक वस्तू असते. ती वापरायची. आता उद्या ऑफिसात जा आणि वाक्य बदल.’

‘ऑफिसातल्या मोठ्या साहेबांनी वाचून ओके केलंय, मॅडम. विश्वजीत सरांनी पण. माझं काम करारावर आहे, जूनपर्यंत. मी आता उठून चुकलं म्हणाले तर...’ तिनं पुढचं सोडून दिलं. मग म्हणाली, ‘मराठी कागद फायलीत आहे. पण कोणी मागितल्याशिवाय मी तो कसा देऊ?’

चहा तसाच टाकून मी निघाले. जिना उतरताना तिच्यावर चिडले होते, रिक्षात बसेपर्यंत विश्वजीतवर, आणि जालना रोडच्या उड्डाणपुलावर रिक्षा चढली तेव्हा चिडायला दुसरं कोणी उरलं नाही.

कारण सातवा नियम कधी आणि का लिहिला, ते मला चांगलं आठवत होतं.

नववीचा वर्ग. फळ्यावर मी लिहिलं होतं, आई मुलीला म्हणाली, ‘भांडी घासली का?’ आणि शेजारी इंग्रजीत उत्तर, आईनं विचारलं की ‘तिनं’ भांडी घासली होती का. सगळी पोरं मुकाट उतरवून घेत होती. शेवटच्या बाकावरून मजीद उठला. ‘मॅडम, कोणी घासली ते कुठं लिवलंय? बापानं घासली असतील तर?’

वर्गात हशा फुटला. मुली बाकावर डोकं टेकून हसत होत्या. बापानं भांडी घासली असतील, म्हणे. मला वाटलं, हा टवाळी करतोय. तो करत नव्हता. पण साठ पोरं हसत असताना कोण टवाळ आणि कोण जिज्ञासू, हे बघायला वेळ कोणाला असतो? मी त्याला वर्गाबाहेर काढलं. आठवडाभर इंग्रजीच्या तासाला तो व्हरांड्यात उभा होता. आणि पुन्हा कोणी असला प्रश्न विचारू नये म्हणून त्याच सुट्टीत मी नोट्स लिहिल्या, तेव्हा सातवा नियम घातला. डोळे मिटून.

घरी पोचले. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, ‘गेट लावलं का?’

‘लावलं का म्हणजे? कोणी? मी लावलं, का वाऱ्यानं लागलं, का शेजारच्यांनी? नीट विचारायला काय होतं?’

ह्यांनी पेपर खाली घेतला. ‘अगं, गेट लागलंय का एवढंच विचारलं.’

‘तेच तर!’ मी ओरडले आणि आत जाऊन पलंगावर बसले. साधा माणूस, साधा प्रश्न. एकोणचाळीस वर्षं संसार केला, रोज असल्या पन्नास प्रश्नांची उत्तरं दिली, आणि एकदाही मला वाटलं नाही की ते मला दोषी धरून विचारतायत. हे मला घरात कळत होतं. वर्गात कळलं नाही.

संध्याकाळी एका कोऱ्या कागदावर वाक्य लिहिलं. ‘द सुपरवायझर आस्क्ड मजीद इफ द गार्ड हॅड बीन रिमूव्ह्ड.’ जाळी काढली गेली होती का. इतकं सोपं. असं उत्तर कोणी परीक्षेत लिहिलं असतं, तर मी अर्धा मार्क कापला असता, कारण नोट्समध्ये नव्हतं. त्याचा फोटो काढून राजनंदिनीला पाठवला. खाली लिहिलं, ‘सातवा नियम चुकीचा आहे. तो मी’. मग ते पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी नुसता फोटोच गेला. दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही.

सोमवारी सकाळी मजीद आला. त्याला तो कागद दिला आणि बजावलं. ‘सही करायची नाही. म्हणायचं, हे माझं वाक्य नाही. मूळ मराठी कागद वाचून दाखवा. एवढंच. वाद घालू नकोस, आवाज चढवू नकोस.’

‘मॅडम, तुमी आल्या असत्या तर...’

‘मला कोण आत घेणार? मी गेटवर थांबते.’

तो कागदाची घडी खिशात ठेवून उभा राहिला. सातव्या नियमाचं तेव्हाच सांगायला हवं होतं. सगळं तोंडाशी आलं होतं. पण बावीस वर्षांपूर्वी ज्याला शिकवलं, त्या पोरासमोर मास्तरणीची जीभ रेटत नाही. दुसऱ्यांच्या चुका लाल पेनानं दाखवायची सवय लागली की आपल्या चुकीला शाई सापडत नाही. मी त्याला म्हणाले, ‘उद्या वेळेवर जा.’

मंगळवारी अकरा वाजता चौकशी होती. मी साडेदहालाच कारखान्याच्या गेटवर हजर. एप्रिलचं ऊन, रस्त्यावर टँकरची धूळ. गेटवरच्या वॉचमननं आपली प्लॅस्टिकची खुर्ची दिली आणि दर पंधरा मिनिटांनी ‘पाणी देऊ का’ विचारलं. दर वेळी मी नको म्हणाले. त्यालाही शेवटी माझा राग कळला असावा, कारण बारानंतर त्यानं विचारायचं सोडून दिलं.

दीड वाजता मजीद बाहेर आला. चेहऱ्यावरून काही कळेना.

‘काय झालं?’

‘म्हणले, चूक झाली.’

‘कोण म्हणालं?’

‘आत म्हणले.’

‘अरे, आत म्हणजे कोण? चूक कोणाची? वाक्याला कर्ता असतो की नाही? कर्ता सांग!’ माझा आवाज इतका चढला की वॉचमन खुर्चीजवळून दोन पावलं मागं सरकला.

मजीदनं कपाळाचा घाम पुसला आणि सुरुवातीपासून सांगायला लागला. वकील साहेबांनी सही कर म्हटलं. तो म्हणाला, हे माझं वाक्य नाय, मराठी कागद वाचा. विश्वजीत सर म्हणाले, आता मराठी कागद कशाला, इंग्रजीत सगळं आलंय.

‘मंग राजनंदिनी मॅडम उठल्या. फायलीतून मराठी कागद काढला आन् म्हणल्या, भाषांतर मी केलं, मी चुकीचं केलं. आन् वाचून दावला. वकील साहेबांनी दोनदा वाचला. म्हणले, ह्यात कोणी काढली ते कुठं लिवलंय?’

जसाच्या तसा तोच प्रश्न. वकील साहेबांना मात्र कोणी व्हरांड्यात उभं केलं नाही.

‘मंग?’

‘मंग विश्वजीत सरांना विचारलं, जाळी कोणी काढली? ते म्हणले, काढली गेली, खडखडत व्हती. साहेब म्हणले, जाळी सोताहून निघत नाय. फकिराला बोलावलं. फकिरा आला आन् म्हणला, विश्वजीत सरांनी सांगितलं, म्या काढली.’

पंधरा दिवसांत त्या कारखान्यात बोललेलं पहिलं पुरं वाक्य. सांगणारा आहे, करणारा आहे. शिकलेल्या माणसांना जमलं नाही, ते फिटरला जमलं.

‘मला म्हणले, उद्यापासून कामावर ये. साहेबरावच्या घरी मी आत्ताच चाललोय, मॅडम. आधी तिकडं.’ तो बोलताना त्याचे डोळे भरले आणि त्यानं तोंड रस्त्याकडं वळवलं. मलाही भरून आलं, लपवत नाही.

‘आणि राजनंदिनी?’ मी विचारलं.

‘त्यांचं बघू म्हणले. कराराचं काय तरी हाय. साहेबांनी त्यांना विचारलं, असं भाषांतर कुठं शिकलात? त्या म्हणल्या, नोट्समध्ये असं दिलेलं व्हतं.’

‘कोणाच्या नोट्स, ते सांगितलं?’

‘नाय. कशाला सांगतील?’

नोट्समध्ये दिलेलं होतं. कोणी दिलेलं, ते नाही. पोरीनं स्वतःचं नाव दोनदा घेतलं, ‘मी केलं, मी चुकीचं केलं’, आणि माझं नाव मात्र झाकून टाकलं. तिचं काम धोक्यात, आणि मी बाहेर खुर्चीवर.

मजीद निघायला वळला, मग पुन्हा माझ्याकडं बघून थोडा हसला. ‘तुमाला आठवत नसंल, मॅडम. नववीत असंच एक वाक्य व्हतं. भांड्यांचं. तवा मला वर्गाबाहेर काढलं व्हतं.’

त्यात राग नव्हता. जुनी गंमत सांगावी तसं सांगितलं त्यानं. आणि किती सांभाळून सांगितलं! ‘काढलं व्हतं.’ जाळी काढली होती, तसं. जणू वाऱ्यानं काढलं, जणू कोणी काढलंच नव्हतं. बावीस वर्षं त्यानं ती गोष्ट लक्षात ठेवली, आणि माझ्या तोंडावर सांगताना मला त्यातून अलगद बाजूला ठेवलं.

‘मजीद, वाक्य अपुरं आहे,’ मी म्हणाले.

‘जाऊ द्या मॅडम.’

‘कोणी काढलं होतं?’

तो आपल्या चपलांकडं बघत राहिला. मी थांबले. त्यानं मान हलवली. मारलं असतं तरी त्याच्या तोंडून ते नाव निघालं नसतं.

‘मी,’ मी म्हणाले. ‘मी काढलं होतं. तू बरोबर होतास, आणि मी तुला बाहेर काढलं. आणि ज्या नियमानं तुझी नोकरी जात होती, तो नियमसुद्धा मीच काढला. तुझं तोंड बंद करायला.’

मजीदनं पुढं होऊन माझ्या हातातली पिशवी घेतली आणि माझ्यासाठी रिक्षा बघायला लागला.

‘तू साहेबरावकडं जा,’ मी पिशवी परत घेत म्हणाले. ‘मला आत काम आहे.’

मी वॉचमनजवळ गेले. ‘वकील साहेब अजून आत आहेत ना? त्यांना भेटायचंय. राजनंदिनीबद्दल सांगायचंय. ती ज्या नोट्सबद्दल म्हणाली, त्या नोट्सबद्दल.’

वॉचमननं फोन उचलला, बटण दाबलं आणि रिसीव्हरवर हात ठेवून मला विचारलं, ‘कोण आलंय म्हणून सांगू?’

‘दीपमाला काकासाहेब औताडे,’ मी म्हणाले. ‘त्या नोट्स मी लिहिल्या, असं सांगा.’